सगळ्यांच्या पाठीवर ४२

बाबांनी दोन पेन्सिली आणल्या होत्या, टोक करून. पुण्यात पंचवीस-तीस वर्षं त्यांनी रविवारच्या क्लब क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलं आहे. त्यामुळे सामना बघायला जायचं म्हणजे लिहायच्या तयारीनं जायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. तीन महिन्यांसाठी ते माझ्याकडे न्यू जर्सीला आले होते आणि मी त्यांना त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या बेसबॉल सामन्याला नेत होते. तारीख १५ एप्रिल, मैदान न्यूयॉर्क मेट्सचं सिटी फील्ड.

जागेवर बसल्यावर मी घरून छापून आणलेलं स्कोअरकार्ड त्यांच्या हातात दिलं. खेळाडू मैदानात आले. बाबांनी चष्मा पुसला, एकाची पाठ बघितली, दुसऱ्याची बघितली, मग पलीकडच्या संघाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"अगं, या सगळ्यांचा नंबर एकच आहे. ४२. वर नावही नाही. मग मी लिहू कोणाचं?"

बेसबॉल नव्यानं बघणाऱ्यानं विचारावा असा याहून चांगला प्रश्न नाही. आज सगळे ४२ का, हे त्यात आहे. नंबर न बघता हा खेळ कसा वाचायचा, हेही त्यातच आहे. त्या संध्याकाळी बाबांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. क्रिकेट कळणाऱ्या कोणालाही ते कळेल.

खास दिवस कशासाठी?

आधी हिशेब बघा. आयपीएलमध्ये एक संघ साखळीत १४ सामने खेळतो, त्यातले ७ घरच्या मैदानावर. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. त्यातले ८१ घरी. मार्चअखेर ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. आता एखाद्या थंडगार मंगळवारी, दोन्ही संघ यथातथा असताना, चाळीस हजार खुर्च्या भरायच्या कशा? सामना उद्याही आहे आणि परवाही आहे. आजच का यायचं, याला काहीतरी कारण द्यावं लागतं.

म्हणून प्रत्येक संघाचं एक पंचांग असतं म्हणा ना. हंगाम सुरू होण्याआधीच ते जाहीर होतं. अमुक शुक्रवारी आतषबाजी, तमुक रविवारी मुलांना सामन्यानंतर बेसवरून, म्हणजे धावेच्या टप्प्यांवरून, धावायला मैदान खुलं, एका संध्याकाळी कुत्र्यांना घेऊन यायची मुभा. वेगवेगळ्या समाजांच्या वारशाच्या रात्री असतात. काही शहरांत भारतीय वारशाची रात्रही होते, ढोल वाजतो, समोसे मिळतात. आणि सगळ्यात लाडकी भेटवस्तू म्हणजे मान हलणारी बाहुली. आपल्या तंजावरच्या बाहुलीची चुलत बहीण, फक्त चेहरा खेळाडूचा. मे १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघानं विली मेजची अशी बाहुली वाटली, आणि तिथून ही लाट देशभर पसरली.

नवख्या माणसानं यात एक गोष्ट नीट बघावी. बहुतेक भेटवस्तू 'पहिल्या अमुक हजार प्रेक्षकांना' असतात, म्हणून लोक दारं उघडायच्या आधीच रांगा लावतात. काही खास रात्रींची वस्तू मात्र नेहमीच्या तिकिटावर मिळतच नाही, त्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं. भेटवस्तूचा खर्च बरेचदा प्रायोजक कंपनी उचलते, म्हणूनच टोपीच्या एका बाजूला बँकेचं किंवा विमा कंपनीचं नाव असतं. तिकिटाचे दरही विमानासारखे रोज हलतात. बाहुलीच्या दिवशी तीच खुर्ची महाग.

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस म्हणजे बिल वीक. शिकागोत वाढलेला, दुसऱ्या महायुद्धात मरीनमध्ये असताना जखमी होऊन एक पाय गमावलेला, आणि आयुष्यात तीन वेगवेगळ्या मेजर लीग संघांचा मालक झालेला. १९५१ मध्ये त्याच्या सेंट लुइस ब्राउन्स संघानं साडेतीन फुटांच्या आसपास उंचीच्या एडी गेडेलला फलंदाजीला पाठवलं. त्याच्या पाठीवर नंबर होता १/८. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एवढ्या लहान माणसाच्या गुडघा ते छाती या पट्ट्यात चेंडू टाकताच येईना. चारही चेंडू पट्ट्याबाहेर गेले म्हणून गेडेल फुकट पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी दुसरा धावक आला. पुढच्याच आठवड्यात वीकनं हजारो प्रेक्षकांच्या हातात हो आणि नाही अशा पाट्या देऊन त्यांच्याकडून संघाचे डावपेच ठरवून घेतले. ब्राउन्स तो सामना जिंकले.

असे दिवस अंगाशीही आले आहेत. ४ जून १९७४ ला क्लीव्हलँडमध्ये दहा सेंटला एक पेला बिअर ठेवली होती. नवव्या डावापर्यंत प्रेक्षक मैदानात उतरून मारामारी करायला लागले आणि सामना पाहुण्या संघाला बहाल करावा लागला. १२ जुलै १९७९ ला शिकागोत, वीकच्याच मैदानावर, डिस्कोची तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मध्ये त्या तबकड्या स्फोटानं उडवल्या, जमाव आत घुसला, हिरवळीची वाट लागली आणि दुसरा सामना झालाच नाही.

वीकची एक गोष्ट मी इथे राखून ठेवते. तिची जागा पुढे आहे.

पण १५ एप्रिल निराळा

आम्ही ७ नंबरच्या गाडीनं आलो होतो. मेट्स-विलेट्स पॉइंट स्टेशनचे जिने उतरलं की समोरच सिटी फील्डचं विटांचं तोंड दिसतं, कमानीच कमानी. आत शिरलं की उंच गोलाकार दालन लागतं, जॅकी रॉबिन्सन रोटंडा. त्यात माणसापेक्षा उंच, निळा ४२ आकडा उभा आहे. शाळेच्या सहलीसारखी रांग लावून लोक त्याच्यापाशी फोटो काढतात. वर भिंतीत रॉबिन्सनचं एक वाक्य कोरलेलं आहे. त्याचा अर्थ असा, की दुसऱ्यांच्या आयुष्यावर जो परिणाम होतो तेवढंच आपल्या आयुष्याचं महत्त्व. बाबांनी ते दोनदा वाचलं.

"पण हा मेट्सचा खेळाडू होता का?"

नव्हता. मेट्सचा जन्मच १९६२ चा. रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सचा. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स लॉस एंजेलिसला निघून गेले, न्यूयॉर्कचे जायंट्सही सॅन फ्रान्सिस्कोला गेले, आणि पोरक्या झालेल्या शहरानं पुढे मेट्स उभा केला तेव्हा एकाचा निळा घेतला, दुसऱ्याचा नारिंगी. सिटी फील्डचा दर्शनी भागही डॉजर्सच्या पाडलेल्या एबेट्स फील्डच्या वळणावर बांधलेला आहे. गेलेल्या घराचा दरवाजा नव्या घराला बसवावा, तसं.

आता मूळ गोष्ट. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर (म्हणजे आपला यष्टिरक्षकच) टोलेडोच्या संघातून वरच्या पातळीवर खेळला होता. त्यानंतर संघमालकांनी आपापसात दारं बंद केली. तसा लेखी नियम कुठेही नाही, पण साठ वर्षं एकही कृष्णवर्णीय खेळाडू आत आला नाही. मग कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या लीग काढल्या. १९२० मध्ये रूब फॉस्टरच्या पुढाकारानं निग्रो नॅशनल लीग सुरू झाली. तिथला खेळ किती वरच्या दर्जाचा होता, हे मेजर लीगनं अधिकृतपणे मान्य करायला २०२० साल उजाडलं.

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन १९१९ चा. जन्म जॉर्जियातला, वाढला कॅलिफोर्नियात. कॉलेजात बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा, चारही खेळला. लष्करात असताना १९४४ मध्ये बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला झाला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. डॉजर्सचा कर्ताधर्ता ब्रँच रिकी यानं त्याला १९४५ मध्ये निवडलं ते त्याचा हा बाणा माहीत असताना. आणि अट घातली ती नेमकी उलटी: कोणी काहीही बोललं, काहीही केलं, तरी उलट उत्तर द्यायचं नाही. १५ एप्रिल १९४७ ला एबेट्स फील्डवर तो पहिल्या बेसवर उभा राहिला. वय २८. पाठीवर ४२.

त्याच महिन्यात फिलाडेल्फियाचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू कट्ट्यावरून त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या देत होते, की त्याला न स्वीकारणारे सहकारीही त्याच्या बाजूनं उभे राहिले. फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलनं अख्ख्या संघाला खोल्या नाकारल्या. रॉबिन्सन बोलला नाही. वर्षअखेरीस तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू (मेजर लीगमध्ये नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग आहेत, डॉजर्स नॅशनलमधले).

इथे बिल वीकची राखून ठेवलेली गोष्ट. रॉबिन्सननंतर अकरा-बारा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला, लॅरी डोबी हा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये आला, अमेरिकन लीगमधला पहिला. त्याला आणणारा क्लीव्हलँडचा मालक म्हणजे हाच बिल वीक. डोबी माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या नेवार्कच्या ईगल्स संघात होता. त्या संघाच्या मालकीणबाई एफा मॅनली यांना वीकनं डोबीचे पैसे मोजले. रिकीनं रॉबिन्सनच्या जुन्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, एक पैसाही दिला नव्हता. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. दार उघडलं ते चांगलंच झालं, पण त्या दारातून चांगले खेळाडू निघून गेले आणि ज्यांनी त्यांना वाढवलं त्या लीग काही वर्षांत ओस पडल्या. १५ एप्रिलच्या कार्यक्रमात या भागाला अजून वेळ मिळायला हवा.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला बाळू."

पळवणकर बाळू. जन्म १८७६. चांभार कुटुंबातला, पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता त्यांना नेटमध्ये गोलंदाजी टाकून तयार झालेला डावखुरा फिरकीपटू. पुण्याच्या हिंदू संघानं त्याला घेतलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावायचे, पण चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराच्या वर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आदल्याच दिवशी १४ एप्रिल होता, बाबासाहेबांची जयंती. त्यामुळे बाबांच्या मनात बाळू आला यात मला नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळूच्या नावानं असा एखादा दिवस का नसावा?" मलाही तो तेव्हापासून हवा आहे.

४२ सर्वांच्या पाठीवर येण्याआधी एकदा सर्वांच्या पाठीवरून गेला. १५ एप्रिल १९९७ ला, पदार्पणाला ५० वर्षं झाली तेव्हा, मेट्सच्या जुन्या शे स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि रॉबिन्सनच्या पत्नी रेचेल यांच्या उपस्थितीत जाहीर झालं, की ४२ हा नंबर सगळ्याच संघांतून निवृत्त. सचिनचा १० नंबर भारतीय संघात आता कोणी घालत नाही, पण तो एका संघाचा झाला. इथे सगळ्या संघांनी एक आकडा सोडून दिला. ज्यांच्या पाठीवर तेव्हा ४२ होता त्यांना तो ठेवायची मुभा होती. त्यातला शेवटचा मरियानो रिव्हेरा २०१३ मध्ये निवृत्त झाला. २००४ पासून १५ एप्रिल हा जॅकी रॉबिन्सन दिवस. २००७ मध्ये केन ग्रिफी धाकटा यानं विचारलं, त्या एका दिवसापुरता मी ४२ घालू का? परवानगी मिळाली, आणखी काही जणांनी घातला, आणि २००९ पासून सगळेच घालतात. खेळाडू, प्रशिक्षक, पंचसुद्धा.

मग ओळखायचं कसं?

"जागेवरून," मी बाबांना म्हटलं. "बेसबॉलच्या स्कोअरबुकाला पाठीवरचा नंबर लागतच नाही."

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणारे नऊ जण असतात आणि प्रत्येक जागेला कायमचा आकडा आहे. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६. मागच्या मोकळ्या मैदानात डावीकडे ७, मध्ये ८, उजवीकडे ९. सिली पॉइंट, गली असे शब्द लिहायची गरजच नाही. चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला ते आकड्यांत लिहायचं.

हे लिहिण्याची पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक मुळात क्रिकेटचा बातमीदार होता, हे कळल्यावर बाबा सरसावून बसले. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लहानपणी ब्रुकलिनला आलेला. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या माणसानं बेसबॉलला आकड्यांचं कोष्टक दिलं. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्या फलंदाजासाठी इंग्रजी 'के' अक्षर त्याचंच. 'एस' दुसऱ्या कामाला गुंतलेलं होतं, म्हणून त्यानं 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. फलंदाज बॅट न हलवताच तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला, तर आजचे लोक तोच 'के' उलटा लिहितात.

आता खेळाचे नियम. क्रिकेटवाल्याला जिथे अडतं तेवढेच सांगते.

मैदान हिऱ्याच्या आकाराचं. खालच्या टोकाला होम प्लेट, तिथे फलंदाज. तिथून उजवीकडे पहिला बेस, समोर दुसरा, डावीकडे तिसरा आणि परत होम. प्रत्येक टप्पा ९० फूट. चारही टप्पे पुरे करून घरी आलं की एक धाव. पिचर ६० फूट ६ इंचांवरून, मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. फटका फक्त समोरच्या काटकोनात चालतो. लेग ग्लान्स नाही, लेट कट नाही, ते सगळं फाउल. बाबांना हे फार लागलं. त्यांच्या मते फलंदाजाची अर्धी कला इथेच गेली.

प्लेटवरून, साधारण गुडघा ते छाती या उंचीतून गेलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक. बॅट फिरवून हुकवला तरी स्ट्राइक. पहिले दोन स्ट्राइक फाउलनंही भरतात, तिसरा मात्र साध्या फाउलवर लागत नाही. तीन स्ट्राइक झाले की बाद. त्या पट्ट्याबाहेरचे चार चेंडू न खेळता सोडले तर फलंदाज आरामात चालत पहिल्या बेसवर. तीन बाद झाले की बाजू बदलते. दोन्ही बाजूंची एकेक पाळी झाली की एक डाव, असे नऊ डाव. आणि बाद झालेला माणूस संपत नाही. नऊ जणांचा क्रम फिरत राहतो आणि तासाभरात तोच पुन्हा बॅट घेऊन येतो. हे ऐकून बाबांच्या तोंडून "बरंय की!" असं मनापासून निघालं.

एक गोष्ट आपल्याकडे बिलकुल नाही. चेंडू जमिनीवरून मारला की पळावंच लागतं. 'नाही, नाही, परत जा' असं चालत नाही. आणि पहिल्या बेसवर आधीच कोणी उभा असेल तर त्यालाही पुढे पळावं लागतं, कारण एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. अशा पळावं लागणाऱ्या माणसाला बाद करायला त्याला चेंडू लावायचीही गरज नसते. चेंडू हातात घेऊन त्याच्या आधी बेसवर पाय ठेवला की झालं.

तिसऱ्या डावात नेमकं तेच घडलं. पहिल्या बेसवर एक धावक, फलंदाजानं जमिनीवरून सणसणीत फटका मारला. शॉर्टस्टॉपनं वाकून उचलला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथल्यानं बेसवर पाय टेकवत, अंगावर येणाऱ्या धावकाला हुलकावणी देत, वळून पहिल्या बेसवर फेकला. दोन बाद. चार-पाच सेकंदांत. तिघांच्याही पाठीवर ४२, पण बाबांनी पाठीकडे बघितलंच नाही. चेंडूच्या मागे नजर ठेवून त्यांनी पुटपुटत लिहिलं: ६, ४, ३. आणि चौकटीखाली रेघ मारली. शेजारच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थही स्कोअरकार्ड लिहीत होते. त्यांनी आपला कागद पुढे केला आणि ६-४-३ वर बोट ठेवलं. दोघंही खुशीत हसले.

चौकटीबद्दलही सांगायला हवं. स्कोअरकार्डावर प्रत्येक फलंदाजाची आडवी ओळ, प्रत्येक डावाचा उभा रकाना, आणि जिथे ते छेदतात तिथे छोटा हिरा छापलेला. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की हिऱ्याची पहिली बाजू गिरवायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी. घरी आला, धाव झाली, की हिरा पेन्सिलीनं भरून टाकायचा. सामना संपल्यावर कागद लांबून बघितला तरी काळे हिरे दिसतात आणि सामना कुठे वळला ते कळतं.

आणि चोरी. पिचर चेंडू टाकत असतानाच धावक पुढच्या बेसकडे सुटतो. कॅचर उठून फेकणार, तो घसरत पोचणार. रॉबिन्सननं पहिल्या वर्षी असे २९ बेस चोरले, त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त. त्याहून धाडसाचं म्हणजे तिसऱ्या बेसवरून थेट घर चोरणं, कारण जिथे आपल्याला जायचं आहे तिथेच पिचर चेंडू फेकत असतो. चेंडूला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, माणसाला ९० फूट पळायचं असतं. रॉबिन्सननं कारकिर्दीत हे १९ वेळा केलं. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध केलं ते वेगळंच. कॅचर योगी बेरा पंचावर धावून गेला आणि रॉबिन्सन बाद होता हे म्हणणं त्यानं मरेपर्यंत सोडलं नाही. तो सामना डॉजर्स हरले, पण मालिका जिंकले. ब्रुकलिनला मिळालेलं ते एकच विजेतेपद.

आठव्या डावापर्यंत खाडीवरून येणारा वारा हाडांत शिरायला लागला. एप्रिलमध्ये इथे येणार असाल तर स्वेटरवर जाकीट घ्या, ही माझी हात जोडून विनंती. शाकाहारी माणसाला खायला खारे प्रेट्झेल आणि शेंगदाणे मिळतात. टरफलं पायाशी टाकायची इथे रीतच आहे. सातव्या डावाच्या मध्यात सगळं स्टेडियम उभं राहून गातं, तेव्हा बाबाही उभे राहिले. आणि सामना फार लांबेल ही पूर्वीची भीती बाळगू नका. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलं आहे, त्यामुळे सामने आता बहुधा पावणेतीन तासांच्या आत आटपतात.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बाबांनी स्कोअरकार्ड मांडीवर उलटं केलं. मागच्या बाजूला कोरे रकाने होते. पहिल्या ओळीत त्यांनी ४२ लिहिलं.

"त्याच्या पहिल्या दिवसाचं सांग. काय काय केलं त्यानं?"

ते मला पाठ आहे. समोर बोस्टन ब्रेव्हज, पिचर जॉनी सेन. पहिल्या वेळी जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे मारला, त्यानं पहिल्या बेसवर फेकला. बाबांनी लिहिलं, ५-३. दुसऱ्या वेळी डावीकडे उंच झेल. ७. तिसऱ्या वेळी शॉर्टस्टॉपकडे.

"६-४-३?" बाबांनी विचारलं.

हो. दोन बाद. एवढी वाट बघितलेल्या दिवशी तीन प्रयत्नांत एकही फटका नाही, आणि अंगावर हजारो डोळे. मग सातवा डाव. डॉजर्स एका धावेनं मागे, पहिल्या बेसवर एडी स्टँकी. रॉबिन्सननं बॅट नुसती आडवी धरून चेंडू खाली टाकला. यात स्वतः बाद व्हायचं आणि पुढच्याला सरकवायचं, असा हिशेब असतो. पण तो जीव घेऊन पळाला. पहिल्या बेसवाल्यानं चेंडू घाईनं फेकला, तो रॉबिन्सनच्याच पाठीला लागून बाहेर गेला. ३ नंबरची चूक. रॉबिन्सन दुसऱ्या बेसवर. पुढच्या पीट रीझरनं दूर फटका मारला, आधी स्टँकी घरी आला आणि त्याच्या मागोमाग रॉबिन्सन. डॉजर्स ५-३ नं जिंकले, आणि त्यांना पुढे नेणारी धाव त्याची होती.

बाबांनी हिऱ्याच्या चारही बाजू सावकाश गिरवल्या. मग पेन्सिल आडवी धरून तो आतून भरायला घेतला. कोर्ट स्क्वेअर मागे टाकून गाडी जमिनीखाली शिरली होती, डबा हलत होता, तरी रेघ कुठेही चौकटीबाहेर गेली नाही.